लेमी एक्सप्लोरर: विखुरलेल्या समूहांच्या सूचीचे परीक्षण

रेडिट या चर्चा-संकेतस्थळाने २०२३ साली आपल्या एपीआयच्या, म्हणजे बाहेरच्या ॲपना तेथील मजकूर वापरू देणाऱ्या जोडणीच्या, वापरासाठी भरमसाट शुल्क आकारण्याचे ठरवले, तेव्हा त्या वर्षीच्या जूनमध्ये तेथील हजारो चर्चागटांनी आपली दारे निषेध म्हणून बंद ठेवली आणि पर्याय शोधणाऱ्यांपैकी पुष्कळ जण लेमीकडे वळले. लेमी हे रेडिटच्या धर्तीवर चालणारे मुक्तस्रोत सॉफ्टवेअर असून त्याचा विकास २०१९पासून सुरू आहे. कोणालाही त्याचा सर्व्हर उभारता येतो, आणि असे सर्व सर्व्हर ‘ॲक्टिव्हिटीपब’ या नियमावलीनुसार एकमेकांशी मजकुराची देवाणघेवाण करतात. वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमने जानेवारी २०१८मध्ये ही नियमावली अधिकृत शिफारस म्हणून स्वीकारली. नव्याने आलेल्या माणसाने एखाद्या लहान सर्व्हरवर खाते उघडले आणि छायाचित्रण, बागकाम किंवा बुद्धिबळ असा शब्द शोधला, की त्याला बहुधा रिकामे पान दिसे, आणि ‘इथे कोणीच नाही’ असा समज करून घेऊन तो परत जाई. त्याच वेळी दुसऱ्या सर्व्हरवर त्याच विषयाची भरभरून चर्चा चाललेली असे. ही दरी बुजवण्यासाठी त्याच काळात उभे राहिलेले आणि आजही चालू असलेले साधन म्हणजे लेमीव्हर्स डॉट नेट या पत्त्यावरचे ‘लेमी एक्सप्लोरर’. या लेखात त्याचे परीक्षण केले आहे. मात्र दरी नेमकी कशामुळे पडते हे समजल्याशिवाय साधनाचे मोल ठरवता येणार नाही, म्हणून आधी त्याविषयी लिहितो.

लेमीच्या सर्व्हरला साऱ्या जाळ्याची माहिती नसते आणि ती असावी अशी अपेक्षाही नसते. एखादा समूह, म्हणजे लेमीच्या परिभाषेत कम्युनिटी, ज्या सर्व्हरवर जन्माला येतो तेथेच त्याचे मूळ राहते. दुसऱ्या सर्व्हरवरच्या एखाद्या वाचकाने त्याचा पूर्ण पत्ता, म्हणजे उद्गारचिन्ह, समूहाचे नाव, मग ॲटचे चिन्ह आणि शेवटी सर्व्हरचे नाव, असा शोधचौकटीत लिहिला, की त्याचा सर्व्हर मूळ सर्व्हरकडे चौकशी करतो, समूहाची ओळख आणि अलीकडच्या काही नोंदी आणतो आणि आपल्याकडे त्याची प्रत उघडतो. मात्र प्रत उघडली म्हणजे ती वाहती झाली असे होत नाही. जोवर त्या सर्व्हरवरची किमान एक व्यक्ती समूहाला सबस्क्राइब करत नाही, तोवर मूळ सर्व्हर त्या दिशेने नव्या नोंदी, प्रतिसाद आणि मते पाठवत नाही. पूर्वीचे प्रतिसाद आणि मते तर मागे जाऊन आणलीच जात नाहीत. गावच्या वाचनालयात ज्या मासिकाचा एकही वर्गणीदार नाही ते मासिक येतच नाही, आणि पहिला वर्गणीदार लाभल्यावरही मागचे अंक आपोआप येत नाहीत, तसाच हा प्रकार आहे.

या रचनेमागे सबळ कारण आहे. प्रत्येक सर्व्हरने प्रत्येक समूहाची प्रत ठेवायची म्हटले, तर स्वतःच्या खिशातून सर्व्हर चालवणाऱ्या माणसाची साठवणजागा आणि बँडविड्थ काही आठवड्यांत अपुरी पडेल आणि अखेर केवळ पैसेवालेच सर्व्हर चालवतील. मागणी असेल तेवढेच आणायचे, हा नियम लहानांना तग धरू देतो. त्याची किंमत मात्र नव्या वाचकाला मोजावी लागते. लेमीच्या मुखपृष्ठावरील ‘ऑल’ या विभागात सगळे जग दिसते असे त्या नावावरून वाटते. वस्तुतः तेथे त्या सर्व्हरवरच्या लोकांनी आजवर जे निवडले तेवढेच दिसते. मोठ्या सर्व्हरवर हजारो लोकांची आवड एकत्र आल्यामुळे हा विभाग भरगच्च असतो आणि लहान सर्व्हरवर ओकाबोका. परिणामी जो तो मोठ्या सर्व्हरकडे धाव घेतो. जून २०२३मध्येच सुरू झालेला लेमी डॉट वर्ल्ड हा सर्व्हर थोड्याच काळात सर्वांत मोठा झाला, त्यालाही हे एक कारण होते असे मला वाटते. केंद्रीकरण टाळण्यासाठी उभारलेल्या जाळ्यात समूह सापडत नसल्यामुळे केंद्रीकरण वाढावे, ही गोष्ट मला या संपूर्ण व्यवस्थेतील सर्वांत गंभीर वाटते, आणि म्हणूनच सूची पुरवणारे साधन मी दुय्यम मानत नाही.

लेमी एक्सप्लोरर हे साधन एका सर्व्हरपासून सुरुवात करून त्याला ठाऊक असलेल्या इतर सर्व्हरांची यादी मिळवते, मग त्यांच्याकडे जाऊन त्यांची यादी घेते, आणि प्रत्येक ठिकाणी मूळ असलेल्या समूहांची सार्वजनिक माहिती गोळा करते. ही फेरी ठराविक काळाने पुन्हा होते. गोळा झालेली माहिती दोन मुख्य भागांत मांडलेली असते, एकात सर्व्हर आणि दुसऱ्यात समूह. शोधचौकटीत शब्द टाइप करताच यादी गाळली जाते, आणि वर्गणीदार (म्हणजे सबस्क्राइब केलेले सदस्य), नोंदी, प्रतिसाद किंवा सक्रिय सदस्य यांपैकी ज्या निकषाने हवी त्या निकषाने ती लावता येते. खाते उघडावे लागत नाही. साधनाचा सगळा कोड खुला असल्यामुळे आकडे कोठून आले हे ज्याला पाहायचे असेल त्याला पाहता येते.

हे आकडे मूळ सर्व्हरवरून घेतलेले असतात, आणि हा या साधनाचा फारसा न दिसणारा पण मोलाचा गुण आहे. लेमीच्या जुन्या आवृत्त्यांमध्ये दुसऱ्या सर्व्हरवरच्या समूहाचे पान उघडले की आपल्या सर्व्हरवरून त्याला किती जणांनी सबस्क्राइब केले आहे तेवढाच आकडा दिसे. त्यामुळे हजारो वर्गणीदारांचा समूह तीन-चार जणांचा भासे आणि वाचक तेथून निघून जाई. एक्सप्लोररमध्ये समूहाचा खरा आकार दिसतो. त्यातही मी वर्गणीदारांच्या आकड्यापेक्षा महिन्यातील सक्रिय सदस्यांच्या आकड्यावर विसंबण्याचा सल्ला देईन, कारण २०२३च्या लाटेत उत्साहाने सबस्क्राइब करून नंतर न फिरकलेल्या लोकांची संख्या पहिल्या आकड्यात कायम राहते. मोठे नाव आणि पुष्कळ वर्गणीदार असूनही महिनोन्‌महिने शांत पडलेले समूह या यादीत पुष्कळ आहेत.

दुसरा गुण म्हणजे ‘होम इन्स्टन्स’ची, म्हणजे आपला घरचा सर्व्हर नोंदवण्याची, सोय. आपले खाते ज्या सर्व्हरवर आहे त्याचे नाव एकदा सांगून ठेवले, की यादीतील प्रत्येक समूहाचा दुवा थेट आपल्याच सर्व्हरवरील प्रतीकडे उघडतो. संगणकाच्या सवयीच्या माणसाला ही गोष्ट क्षुल्लक वाटेल. पण अशा स्वतंत्र सर्व्हरांच्या संघीय जाळ्यात नवखा माणूस सर्वाधिक वेळा अडतो तो याच ठिकाणी. कोणीतरी पाठवलेला साधा दुवा त्याला समूहाच्या मूळ सर्व्हरवर नेतो, तेथे त्याने लॉग-इन केलेले नसते, सबस्क्राइबचे बटण दाबले की नवे खाते उघडायला सांगितले जाते, आणि आपल्याकडे खाते असूनही ते का चालत नाही याचा त्याला उलगडा होत नाही. एक्सप्लोरर हा वळसा वाचवते. आपल्या सर्व्हरवर मात्र आधी लॉग-इन केलेले असावे लागते. नवा, आजवर कोणी न मागितलेला समूह बाहेरून आणण्याचे काम लेमी लॉग-इन केलेल्या सदस्यासाठीच करते, आणि अनोळखी पाहुण्याला ‘समूह सापडला नाही’ एवढेच सांगते. ही अट योग्यच आहे, कारण ती नसती तर कोणीही बाहेरून एखाद्या सर्व्हरवर हजारो निरुपयोगी समूहांचा भार टाकू शकला असता. पण एक्सप्लोररने ही गोष्ट दुव्याजवळच ठळकपणे सांगायला हवी. भ्रमणध्वनीवर व्हॉयेजरसारखे ॲप वापरणाऱ्यांना हा प्रश्न कमी भेडसावतो, कारण लेमीचे दुवे ते ॲप आपल्याच खात्यातून उघडते.

आता उणिवांकडे वळतो. यादी उघडताच वर दिसतात ते मोठे समूह, आणि मोठे समूह बहुतांश मोठ्या सर्व्हरवरच असतात. तंत्रज्ञान, बातम्या, विनोदी चित्रे यांचे समूह ज्याला हवे आहेत त्याला सूचीची गरजच नसते, ते त्याला मुखपृष्ठावर आपोआप भेटतात. सूचीची खरी गरज असते ती एखाद्या प्रदेशाची पक्षिनिरीक्षक मंडळी, एखाद्या जुन्या कॅमेऱ्याचे चाहते किंवा एखाद्या भाषेचे वाचक शोधणाऱ्याला. अशा शोधात नेमका शब्द ठाऊक असेल तरच हे साधन उपयोगी पडते. विषयवार मांडणी, म्हणजे एखाद्या ग्रंथसूचीत असते तशी क्षेत्र आणि उपक्षेत्र अशी उतरंड, येथे नाही. एकाच विषयाचे दहा समूह दहा सर्व्हरांवर असले, तर दहाही नावे एकाखाली एक येतात. त्यांपैकी कोणता कसा आहे, कोणाचे नियम कडक आहेत, कोठे सभ्यपणे बोलले जाते, हे आकड्यांवरून कळत नाही. नव्या, कोवळ्या समूहांसाठी लेमी डॉट वर्ल्डवरील ‘न्यू कम्युनिटीज’ किंवा लेमी डॉट सीएवरील ‘कम्युनिटी प्रोमो’ हे माणसांनी चालवलेले समूह मला अधिक उपयुक्त वाटतात, कारण तेथे समूह काढणारा स्वतः येऊन दोन वाक्ये लिहितो आणि त्या दोन वाक्यांतून माणूस कळतो.

सूचीच्या आवाक्याबाहेरची आणखी एक गोष्ट म्हणजे सर्व्हरांमधील तुटलेले संबंध. जून २०२३मध्ये बीहॉ या सर्व्हरने लेमी डॉट वर्ल्ड आणि आणखी एका मोठ्या सर्व्हरशी असलेले संबंध तोडले, कारण तेथून येणाऱ्या गर्दीवर देखरेख ठेवणे त्याच्या मोजक्या नियंत्रकांना अशक्य झाले होते. तोवर लेमी डॉट वर्ल्डवर बीहॉच्या समूहांच्या प्रती उघडलेल्या होत्या आणि त्या तशाच राहिल्या. लोक तेथे लिहीत राहिले, त्यांचे लिखाण त्यांच्याच सर्व्हरवरच्या लोकांना दिसत राहिले, पण मूळ समूहापर्यंत ते पोहोचत नव्हते. एक्सप्लोररमध्ये समूह दिसतो, दुवा उघडतो, सबस्क्राइबही करता येते, आणि तरीही आपण एका गोठलेल्या प्रतीत बोलत असू शकतो. निवडलेल्या होम इन्स्टन्सने कोणत्या सर्व्हरांना अडवले आहे ही माहिती सार्वजनिक असते. त्या आधारे समूहाच्या नावापुढे इशारा दाखवणे शक्य आहे, आणि ते झाले तर वाचकाचे मोठे हित होईल.

पत्ता कळूनही समूह आपल्या सर्व्हरवर वाहता नाही, या पेचावर ‘लेमी फेडरेट’ हे वेगळे साधन आहे, आणि माझ्या मते एक्सप्लोररच्या जोडीला त्याचा उल्लेख केलाच पाहिजे. सर्व्हरचालकाने आपला सर्व्हर तेथे नोंदवला की एक यांत्रिक खाते नोंदणीकृत सर्व्हरांवरील समूहांना त्याच्या वतीने सबस्क्राइब करते, आणि पुढे एखादी खरी व्यक्ती सबस्क्राइब झाली की ते खाते बाजूला होते. नवा समूह काढणाऱ्याच्या दृष्टीने याचे महत्त्व फार मोठे आहे. एरवी त्याच्या समूहाला दुसऱ्या सर्व्हरवर पहिला वर्गणीदार मिळण्यासाठी तो तेथे दिसावा लागतो आणि तेथे दिसण्यासाठी पहिला वर्गणीदार लागतो. हे चक्र मोडले की नव्या समूहाची नोंद निदान परक्या सर्व्हरच्या मुखपृष्ठापर्यंत पोहोचते. यात साठवणीचा भार वाढतो हे खरे. पण सर्व्हरचालक स्वतः नोंदणी करत असल्यामुळे हा भार त्याने जाणून स्वीकारलेला असतो.

मुखपृष्ठापर्यंत पोहोचलेली नोंद टिकण्याचा प्रश्न लेमीने स्वतः काही अंशी सोडवला आहे. डिसेंबर २०२३मध्ये आलेल्या ०.१९ या आवृत्तीत नोंदी लावण्याची ‘स्केल्ड’ ही पद्धत आली. तीत समूहाच्या आकाराचा हिशेब धरून लहान समूहातील नोंदीला वर येण्याची संधी दिली जाते, म्हणजे तीस जणांच्या समूहात पाच मते मिळवणारी नोंद तीस हजारांच्या समूहातील शंभर मतांखाली गाडली जात नाही. एक्सप्लोररमधून पाच-सहा लहान समूह निवडून सबस्क्राइब करायचे आणि नंतर मुखपृष्ठ जुन्याच ‘हॉट’ किंवा ‘ॲक्टिव्ह’ पद्धतीवर ठेवायचे, असे केले तर त्या समूहांचे तोंड पुन्हा दिसणार नाही. त्यामुळे निवडलेली पद्धत बदलणे हा शोधाचाच भाग समजावा.

मराठी वाचकांच्या दृष्टीने दोन बाबी स्वतंत्रपणे सांगायला हव्यात. समूहाच्या पत्त्यातील नाव लेमीमध्ये देवनागरीत ठेवता येत नाही, ते रोमनमध्येच घ्यावे लागते. दर्शनी नाव आणि वर्णन मात्र देवनागरीत लिहिता येते. म्हणून मराठी समूह काढणाऱ्याने दर्शनी नावात देवनागरी आणि वर्णनात विषयाचे रोमन रूपही अवश्य द्यावे, नाहीतर निम्मे शोधणारे हुकतील. दुसरी बाब भाषानिवडीची. लेमीमध्ये प्रत्येक नोंदीला भाषेची खूण लावता येते आणि त्या यादीत मराठी आहे. वाचकाने आपल्या खात्याच्या मांडणीत मराठी निवडलेली नसेल, तर मराठीची खूण असलेली नोंद त्याच्यापासून लपवली जाते, आणि ‘अनिश्चित भाषा’ हा पर्याय वगळलेला असेल तर खूण न लावलेल्या नोंदीही दिसेनाशा होतात. शिवाय सर्व्हरचालकाने आपल्या सर्व्हरच्या भाषा मर्यादित केल्या असतील तर मराठीचा पर्यायच उपलब्ध नसतो. न्यू जर्सीत, लंडनमध्ये किंवा दुबईत बसलेल्या मराठी माणसाने स्थानिक सर्व्हर निवडताना ही गोष्ट आधी तपासावी. पुष्कळ समूहचालक भाषा निश्चित करण्याचे कष्टच घेत नाहीत, त्यामुळे भाषेवरून समूह गाळण्याला आजतरी फार अर्थ उरत नाही. यात दोष एक्सप्लोररचा नाही; पण मराठीसारख्या, या जाळ्यात अजून थोड्या असलेल्या भाषेला त्याचा फटका इंग्रजीपेक्षा कितीतरी जास्त बसतो.

समूहाचा पत्ता त्याच्या सर्व्हरला बांधलेला असल्यामुळे सर्व्हर गेला की समूह जातो, आणि सूची त्यावर काही करू शकत नाही. जर्मनभाषकांचा फेडिट डॉट डीई हा मोठा सर्व्हर २०२४ साली कोलमडला आणि तेथील मंडळींना फेडिट डॉट ऑर्गवर नव्याने समूह उभारावे लागले. याच फेडिट डॉट डीईच्या पत्त्यावर एक्सप्लोररच्या आधीपासून वापरात असलेली समूहसूचीही होती, हे येथे मुद्दाम नोंदवतो. जून २०२५च्या अखेरीस लेम डॉट ईई हा अत्यंत लोकप्रिय सर्व्हर त्याच्या चालकांनी रीतसर सूचना देऊन बंद केला, त्यामुळे लोकांना आवराआवर करायला काही दिवस तरी मिळाले. ०.१९ आवृत्तीपासून आपल्या सबस्क्राइब केलेल्या समूहांची यादी फाइलच्या रूपाने उतरवून दुसऱ्या खात्यात चढवता येते. एक्सप्लोररमधून मेहनतीने जमवलेली निवड अशी अधूनमधून उतरवून ठेवावी. समूह निवडताना सर्व्हर किती काळ चालू आहे आणि तो एकट्या माणसाच्या खांद्यावर आहे की संस्थेच्या, हेही पाहावे.

पर्यायांविषयी थोडक्यात लिहितो. पायफेड हे न्यूझीलंडमध्ये पायथॉन भाषेत विकसित झालेले सॉफ्टवेअर लेमीच्याच समूहांशी बोलते, आणि विषयवार मांडणीची जी उणीव वर सांगितली ती त्याने मनावर घेतली आहे. तेथे अनेक सर्व्हरांवरील समूह ‘फीड’ या नावाने एकत्र बांधून ती जुडी इतरांना देता येते, म्हणजे एका जाणकाराने केलेली निवड दुसऱ्याला एका फटक्यात मिळते. आकड्यांच्या यादीपेक्षा ही वाट मला जास्त आशादायक वाटते. मॅस्टोडॉन या ट्विटरसारख्या, ॲक्टिव्हिटीपबवरच चालणाऱ्या जाळ्यावरूनही लेमीचा समूह फॉलो करता येतो, पण प्रत्येक नोंद आणि प्रत्येक प्रतिसाद स्वतंत्रपणे येत असल्यामुळे चार गजबजलेले समूह घेतले की बाकी काही वाचणे कठीण होते. मॅस्टोडॉनची स्वतःची मदार हॅशटॅगवर आहे, आणि तेथेही सर्व्हरला ठाऊक असलेल्याच नोंदी दिसतात. मात्र ‘#मराठी’ अशी खूण तेथे देवनागरीत चालते आणि नोव्हेंबर २०२२मधील चौथ्या आवृत्तीपासून हॅशटॅगच फॉलो करता येतो, ही मराठी लिहिणाऱ्यांसाठी मोठी सोय आहे.

लेमी किंवा पायफेडवर ज्याचे खाते आहे, आणि विशेषतः जो लहान सर्व्हरवर राहू इच्छितो, त्याने लेमी एक्सप्लोरर वापरावेच अशी माझी स्पष्ट शिफारस आहे. पाचपैकी चार गुण देताना मी एक गुण तुटलेल्या संबंधांचा इशारा आणि विषयवार मांडणी यांच्या अभावासाठी राखून ठेवतो. पहिल्या बैठकीत होम इन्स्टन्स नोंदवावा, यादी महिन्यातील सक्रिय सदस्यांनुसार लावावी, सुरुवातीची मोठी नावे सोडून पुढे जावे, आणि आपल्या सर्व्हरवर आजवर कोणी न मागितलेला एक तरी समूह निवडून त्याला सबस्क्राइब करावे. त्यानंतर तो समूह त्या सर्व्हरवरील इतर सर्वांच्या ‘ऑल’ विभागात दिसू लागतो.